सूतभर

निवृत्त झाल्यावर माणसं फिरायला जातात, पेपर वाचतात, फार तर शेजाऱ्यांशी भांडतात. आमच्या ह्यांनी करवत आणली. जन्मभर ऑफिसात कागदांना टाचण्या लावलेला माणूस, भिंतीत खिळा ठोकायचा तर आधी बोट ठोकून घेणारा, तो मागच्या गॅलरीत रंधा मारत बसायला लागला. पहिलं स्टूल केलं, त्यावर शेजारची मांजरसुद्धा बसेना. मी चिडवून सुतारसाहेब म्हणायला लागले, तर ह्यांना ते खरंच वाटलं!

आणि मग बोलण्यात सारखं ते सूत. इंचाचा आठवा भाग म्हणजे एक सूत, हे मला इतक्या वेळा सांगितलंय की झोपेतून उठवलं तरी सांगेन. पोळी जाड झाली तर म्हणणार, "सूतभर जास्त आहे गं." मी म्हणायची, "तुमचं लाकडाशी जुळलं हो सूत, माझ्याशी काही जुळलं नाही." त्यावर हसायचे. माझ्या टोमण्यांना हसणारा तेवढा एकच माणूस आहे जगात.

मग मी न्हाणीघरात पडले. खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं. घरी आले ती काठी आणि डॉक्टरांची तंबी घेऊन: खाली बसायचं नाही, बुटक्या खुर्चीवर बसायचं नाही. आता आमच्या घरात उंच अशी खुर्ची होती कुठे? मी बसले की उठवायला हे. ह्यांची कंबर तरी कुठली धड! एकदा मला उठवता उठवता दोघंही पलंगावर कोसळलो, आणि नेमकी त्याच वेळी लेक दारात उभी.

ती धावत आली. आधी मला नीट बसवलं, बापाला पाणी दिलं, मग म्हणाली, "आई, तू माझ्याकडे चल."

"आणि बाबा?"

तिने मान खाली घातली. तिचं घर मला माहीत आहे. मुलांच्या खोलीत एक खाट मावते, दुसरी नाही. पोरीला बोल लावत नाही मी. पण माझं डोकंच फिरलं. म्हटलं, "मला काय सामान समजलीस, उचललं आणि नेलं? मी ह्यांना सोडून कुठेही जाणार नाही."

बरीच वादावादी झाली. शेवटी तीच म्हणाली, "ठीक आहे. महिनाअखेरीला येते. कुणाचा हात न धरता एकटी उठून दाखव. मग मी पुन्हा विषय काढणार नाही."

ती गेली आणि सुतारसाहेब कामाला लागले. आमचा जुना पलंग आता मला चालत नव्हता, लोखंडी खाट आणली होती. त्या पलंगाचं लाकूड काढलं. माझ्या जिवावर आलं. "अहो, त्यावर आपण इतकी वर्षं झोपलो," म्हटलं. "आता त्यावर बसायचं," हे म्हणाले.

खडूने भिंतीवर खुर्ची काढली, खरीखुरी, पूर्ण मापाची. मला काठीला टेकवून उभं केलं, टाचेपासून गुडघ्यापर्यंत मापलं आणि त्यावर चार बोटं चढवली. खुर्चीचे हात पुढे लांब घेतले, तळवे दाबून उठता यावं म्हणून. मी म्हटलं, "लग्नातसुद्धा माझ्याकडे इतकं निरखून पाहिलं नव्हतंत." कान लाल झाले ह्यांचे, ह्या वयात! खिळा एकही नाही, सगळे सांधे पटाशीने कोरलेले. घरभर भुसा, आमटीतसुद्धा भुसा. मी ओरडायची आणि मनात म्हणायची, होऊ दे रे देवा.

खुर्ची झाली. खिडकीपाशी मांडली, कारण मी तिथे बसते. मी बसले. तळवे दाबले, आणि उठले! एकटी. काठी बाजूला पडलेली, हे समोर उभे, दोन्ही हात पाठीमागे घट्ट धरलेले. मला रडू आलं. ह्यांना नाही आलं. हे खुर्चीकडे बघत होते.

"डगडगतेय," म्हणाले.

"डगडगू दे. उठता येतंय ना?"

"छे! अशी खुर्ची लेकीला दाखवू?" गुण्या लावून बघितला, सगळं काटकोनात. पुन्हा लावला. गुण्यावर देवासारखा विश्वास ठेवणारा हा माणूस, पण त्या दिवशी म्हणाला, "माझाच हात चुकला असणार. एक सूत काढतो."

मी म्हटलं, पायाखाली कागदाची घडी घाला. तर असे बघायला लागले जणू मी चोरी करायला सांगितली. एक सूत काढलं, तर दुसरा पाय अधांतरी. त्याचं काढलं, तर तिसरा. रोज तेच. "अहो, बुटकी व्हायला लागली," मी म्हणत होते. "सूतभर गं," हे म्हणत होते. लेक यायच्या दिवशी सकाळीसुद्धा करवतीचा आवाज आला. मग हाक मारली, "ये, बघ, आता हलत नाही."

खरंच हलत नव्हती. दगडासारखी बसली होती फरशीवर.

लेक आली. मी थाटात बसले. बसतानाच कळलं, कारण बसणं संपेचना. गुडघे वर आले. तळवे दाबले. नाही. पुन्हा दाबले, दात खाल्ले, खुब्यातून कळ गेली. नाही. हे दारापाशी उभे होते. तिसऱ्यांदा जोर लावला तेव्हा ह्यांना राहवलं नाही. धावत आले आणि माझ्या काखेत हात घातला.

लेकीने तोंड फिरवलं.

"मी ठोकळे लावतो," हे म्हणाले. "पायांना खाली ठोकळे. संध्याकाळपर्यंत होईल."

"बाबा, खुर्चीचं नाहीये ते," ती म्हणाली. आवाज इतका मऊ, की भांडायलासुद्धा जागा ठेवली नाही. हे कंबर धरून उभे होते, एवढ्या उचलण्याने. ते मलाही दिसलं.

मी लेकीकडे जायचं ठरलं, पण खुर्ची बरोबर नेलीच पाहिजे हा हट्ट ह्यांचा. रात्रभर जागून ठोकळे लावून दिले.

लेकीकडची फरशी नवी, आरशासारखी सपाट. मुलांच्या खोलीत खुर्ची ठेवली, मी बसले, आणि ती डगडगली. टक. टक. मी नुसती बसून राहिले. आमच्या खिडकीपाशी पाणी सांडलं की एकाच कोपऱ्यात जमतं. इतकी वर्षं तिथलं पाणी मीच पुसत आले! फरशी खचलीय तिथे. खुर्ची पहिल्या दिवसापासून सरळ होती. ह्यांचा हात चुकलाच नव्हता.

जावई म्हणाले, पायाखाली काहीतरी सरकवतो. मी त्यांच्यावर खेकसले.

रोज संध्याकाळी ह्यांचा फोन येतो. जेवलीस का, गोळ्या घेतल्यास का, आणि मग जरा थांबून:

"खुर्ची हलत नाही ना गं?"

मी दोन्ही पाय फरशीवर घट्ट रोवते, खुर्चीचा आवाज फोनमध्ये जाऊ नये म्हणून.

"नाही हो," म्हणते. "सूतभरसुद्धा नाही."