मला नुसता तुकडा दाखवला होता

दोष म्हाताऱ्यांचा आहे. आधीच सांगून टाकतो, म्हणजे शेवटी "बिचाऱ्यांना तरी काय माहीत" असं म्हणायला कुणी मोकळा राहणार नाही. आतल्या म्हाताऱ्यांचा आणि बाहेरच्यांचाही.

मी एक शिपाई बोलतोय. रक्तातला. डॉक्टर मला टी-पेशी म्हणतात, पांढऱ्या पेशींपैकी एक. मी राहतो एका तरण्या माणसाच्या अंगात. ठोकलेल्या गाड्या दुरुस्त करून रंगवायच्या गॅरेजात तो रंग जुळवायचा. उन्हाने उतरलेला जुना रंग नुसत्या नजरेने ओळखून तो तसाच्या तसा डब्यात कालवायचा. कुठला दरवाजा नवा, हे गाडीच्या मालकालाही सांगता यायचं नाही. म्हणून त्याला सगळे घार म्हणायचे.

माझा जन्म हाडाच्या पोकळीत झाला. तिथून मला छातीच्या हाडामागच्या शाळेत घातलं, थायमस नावाच्या ग्रंथीत. तिथे धडे दोनच. परका ओळखायचा आणि घरच्याला हात लावायचा नाही. मास्तर घरच्यांचे तुकडे समोर धरतात. जो त्यांच्यावर धावून जातो, त्याला तिथेच संपवतात. बहुतेक पोरं त्या शाळेतून जिवंत बाहेर येत नाहीत.

मी आलो. हुशार होतो म्हणून नव्हे. मज्जातंतूंवर एक स्निग्ध आवरण असतं, वायरीवरच्या प्लॅस्टिकसारखं. त्याचा तुकडा मास्तरांनी मला नीट दाखवलाच नाही. शाळा आखडत चालली होती, मास्तर सुस्तावले होते. तेवढा धडा उरकला आणि म्हणाले, चल, पुढचा. मी अर्धवट शिकलेला, तरी अंगावर पूर्ण वर्दी.

मग नुसतं भटकणं. रक्तातून लसिकाग्रंथींच्या गाठीत, गाठीतून रक्तात. काम नाही, धंदा नाही. आणि एक दिवस तो ताप आला!

घार तेव्हा कॉलेजात होता. मित्राच्या बाटलीला तोंड लावून पाणी प्यायला आणि लाळेतून एक विषाणू आत शिरला. एपस्टीन-बार त्याचं नाव. घसा सोलवटला, मानेच्या गाठी लिंबाएवढ्या फुगल्या. त्याच गाठीत मी बसलो होतो. आमचा म्हातारा निरोप्या, शत्रूची खबर आणणारी पेशी, धापा टाकत आला आणि त्याने माझ्यासमोर शत्रूचा तुकडा धरला.

आमच्याकडची रीतच अशी. अख्खा शत्रू शिपायाला कुणी दाखवत नाही. निरोप्या त्याला चावून चिंधी करतो आणि एक चिंधी नाकासमोर नाचवतो. बाकी रंगरूप काय, घर कुठलं, विचारायचं नाही. चिंधी ओळखलीस? मग सूट!

मी ओळखली. अंगात वीज शिरली. एकाचे दोन, दोनाचे चार, बघता बघता माझ्यासारख्यांची पलटण झाली. काय ते दिवस! रक्त सळसळत होतं, सगळीकडे आरोळ्या, आणि आयुष्यात पहिल्यांदा मला कुणीतरी विचारत होतं. विषाणू पळाला. म्हणजे पुरता नाही, आमच्याच भाऊबंद बी-पेशींत दडी मारून बसला, पण आम्ही जिंकलो.

ताप गेला, थकवा काही जाईना. घार जिना चढून आला की भिंतीला टेकायचा. त्याचे वडील म्हणाले, "ताप गेला, आता राहिलाय तो आळस. त्याला गोळी नसते." परीक्षा बुडाली, कॉलेज सुटलं. वडिलांनी ती गोष्ट पाहुण्यांना इतकी ऐकवली की घारने पाहुणे आले की बाहेर पडायची सवय लावून घेतली. गॅरेज त्याला असंच सापडलं.

काही वर्षांनी साधा खोकला झाला. पण अंगात एकदा भोंगा वाजला की जुने शिपाई जागे होतात. मी सुसाट निघालो. मेंदूच्या वेशीवरचे पहारेकरी त्या गडबडीत ढिले पडले होते. घुसलो आत. आणि समोर काय? त्या तापातला तोच शत्रूचा तुकडा! लांबच्या लांब तंतूवर, ओळीने, तोच. निदान मला तोच वाटला. मी हाळी दिली, पलटण आली, आम्ही ते आवरण सोलायला घेतलं. साप साप म्हणून भुई धोपटत होतो, पण धोपटताना भुई कुणाला दिसते?

बाहेर घारचा पाय बधिर झाला. गॅरेजचा म्हातारा मिस्त्री म्हणाला, बूट घट्ट असतील. वडील म्हणाले, रात्रभर मोबाइल घेऊन लोळल्यावर मुंग्या नाहीतर काय मोर येणार? आई डॉक्टरकडे जाऊ म्हणाली, तर तिलाच गप्प केलं. पाय हळूहळू आपला आपण बरा झाला आणि दोघे म्हातारे जिंकल्यासारखे हिंडू लागले.

पुढच्या वर्षी मिस्त्रीने सगळ्यांसमोर सांगितलं, "मी थकलो, रंग कालवायचं टेबल आता घारचं." अट एकच, आलेली लाल गाडी त्याने एकट्याने रंगवून दाखवायची. घार त्या दिवशी शीळ घालत घरी गेला. त्याच आठवड्यात त्याला फ्लू झाला. भोंगा वाजला. मी या वेळी उजव्या डोळ्याच्या तंतूवर चढलो.

डोळा हलवला की ठणकायचा. तरी घार कामावर गेला. रंग जुळवणाऱ्यांची एक खोड असते. डावा डोळा मिटायचा आणि उजव्याने तिरकं बघायचं. त्याने तेच केलं. गाडीचा लाल त्याला फिका दिसला, डब्यातलाही तेवढाच फिका. दोन्ही सारखेच. त्याने बेधडक नव्या दरवाज्यावर रंग मारला.

गाडी उन्हात आणली तेव्हा मिस्त्रीने दरवाज्यावरून बोट फिरवलं. मग म्हणाला, "काय रे, प्यायला होतास का?"

घारने उजवा डोळा मिटून डाव्याने पाहिलं. दरवाजा गाडीला लावलेल्या ठिगळासारखा दिसत होता.

शेवटी दवाखान्यात नेलं. मेंदूचा फोटो काढला, त्यात पांढरे डाग निघाले. डॉक्टरीणबाईंनी आजाराचं नाव सांगितलं, मल्टिपल स्क्लेरोसिस. म्हणाल्या, तो जुना विषाणू जवळजवळ सगळ्यांनाच होऊन जातो आणि हा आजार फार थोड्यांना होतो. शिपाई चुकीच्या घरात का शिरतात, ते अजून पूर्ण उलगडलेलं नाही.

वडिलांनी विचारलं, "म्हणजे आमच्याकडून काही झालं नाही ना?"

"आजार कुणामुळे झाला नाही," बाई म्हणाल्या. "पण पाय बधिर झाला तेव्हा आणलं असतं, तर पुढचे झटके टाळायचं औषध तेव्हाच सुरू करता आलं असतं."

वडिलांनी फक्त पहिलं वाक्य ऐकलं. घरी आल्यावर सगळ्यांना तेवढंच सांगितलं.

आता घार रोज एक गोळी घेतो आणि ती आम्हाला गाठीतच कोंडून ठेवते. मी मानेतल्या एका गाठीत बसलोय. अजूनही कुठे खोकला ऐकला की उसळतो. तो तुकडा आजही समोर आला तर मी धावेन, कारण दुसरं काही मला शिकवलेलंच नाही. म्हणून मला सोडा असं म्हणत नाही. कोंडूनच ठेवा. पण तुमच्या घरात कुणी तरणं पोर म्हणालं की पाय बधिर झालाय, एका डोळ्याला लाल फिका दिसतोय, तर आधी त्याला डॉक्टरकडे घेऊन जा. अक्कल मागाहून शिकवा.

घारच्या उजव्या डोळ्याची नजर बरीचशी परत आली. लाल आला नाही. टेबल दुसऱ्याला दिलं. तो आता त्याच गॅरेजात गाड्या धुतो.