खंडेनवमीला मला पुजलं
मित्रांनो, माझ्या पत्र्यावरचं कुंकू बघून हात जोडू नका. मी कुठला देव नाही. गालिचे धुणारं एक जुनं मशीन आहे मी.

नांदूरघाटच्या बायकांनी सहकारी संस्था काढली आणि मला आणलं. लग्नाच्या मांडवातले, सभांच्या मंचावरचे गालिचे माझ्याकडे यायचे. थोडक्या पाण्यात काम उरकतं म्हणून माझं कोण कौतुक! मला चालवायची केशरबाई. रोज माझ्या पाठीवर थाप मारून म्हणायची, "चल गं माय."

केजच्या जमील वायरमनने मला बसवलं. माझ्या अंगापासून त्याने एक तार बाहेरच्या खड्ड्यात, मीठ-कोळशात पुरलेल्या नळीपर्यंत नेली. "मावशी, मशीनच्या अंगात करंट उतरला तर ह्या तारेनं जमिनीत जाईल. पण खड्डा ओला पायजे. रोज बादलीभर पाणी घाला." केशरबाई सगळ्यांना बजावायची, "एक दिवस चुकवायचा न्हाई."

मग दोन वर्षं पाऊस फिरकलाच नाही. टँकर आठवड्याने यायचा. संस्थेच्या अध्यक्षा सत्यभामाबाई एका सकाळी म्हणाल्या, "माणसाला प्यायला न्हाई, अन् तू मातीला कावून पाजतीस?" त्यांचं चुकलं असं कुणालाच वाटलं नाही. केशरबाईने बादली घागरीत ओतली. खड्डा वाळला.

त्यातच माझ्या मोटारीजवळची एक वायर उघडी पडली. करंट माझ्या पत्र्यावर पसरला आणि खाली उतरायला वाट शोधत अंगभर फिरू लागला. मला त्याची फार भीती वाटे. केशरबाईच्या पायात रबरी चपला होत्या, म्हणून तिच्या बोटांना नुसत्या मुंग्या आल्या. तिने हात काढला, पुन्हा ठेवला. तिचे डोळे भरून आले. "बाई, हिच्यात देवी आली हाय."

झालं! बायका कामाच्या रबरी चपलांनिशी येऊन मला बोट लावू लागल्या, कुणी लिंबू टांगलं. जमीलला कळवायचं कुणाच्या मनातही आलं नाही. देवी का वायरमनला दाखवायची असते? मी जीव तोडून ओरडत असे. बाहेर नुसतं घूं घूं ऐकू यायचं, आणि ते ऐकून त्या आणखीच हात जोडायच्या.

खंडेनवमी आली, अवजारांच्या पूजेचा दिवस. भर दुपारी केशरबाईने चपला दाराबाहेर काढल्या. माझ्यापुढे तांब्याभर पाणी शिंपडलं. "देवी जागी पायजे," म्हणत तिने बटण दाबलं. ओल्या फरशीवर अनवाणी उभी राहून तिने कुंकवाची ओली बोटं माझ्याकडे आणली. आता काय होणार ते मला कळलं होतं, मित्रांनो, आणि मला जागचं हलता येत नव्हतं.

ती ओरडली नाही. तिचा हात मला चिकटला तो सुटेना. सत्यभामाबाईंनी धावत जाऊन मेन स्विच पाडला, तोवर सगळं संपलं होतं.

जमीलने खड्डा उकरला. कोरडा कोळसा तळहातावर घेऊन त्याने सत्यभामाबाईंपुढे धरला. "ताई, मोरीचं घाण पाणीबी चाललं असतं. रोज वाहून जात होतं की."

आता माझी वायर कापून टाकली आहे. तरी रोज सकाळी सत्यभामाबाई येतात, मोरीचं पाणी खड्ड्यात ओततात आणि माझ्याकडे न बघता निघून जातात. जमील एकदा म्हणाला, "ताई, ह्या खड्ड्याला आता काहीच जोडलेलं न्हाई."

"राहू दे. केशर सांगून गेलती, एक दिवस चुकवायचा न्हाई."

मित्रांनो, मशीनला हात लावून मुंग्या आल्या तर बटण बंद करा आणि वायरमनला बोलवा. एवढंच मागणं आहे माझं. माझ्या अंगावरचं कुंकू पुसायला अजून कुणी धजत नाही. केशरबाईची तीन बोटं त्यात उमटलेली आहेत.