बहिरी दिशा

फियोरेंझाने हेडफोन टेबलावर आपटले आणि सायकल काढली. आधी जमिनीच्या कंपनांची नोंद तरी बघ, असं तिचा सहकारी ग्वाल्तिएरो मागून सांगत होता. तिने वळूनही पाहिलं नाही.

सकाळी अमेरिकेतल्या दोन्ही यंत्रांनी गुरुत्वलहर टिपली होती. दोन सेकंदांनी उपग्रहाला गॅमा किरणांचा झोत दिसला. कुठेतरी दूर दोन मेलेले तारे एकमेकांवर आदळले होते, आणि इथलं, इटलीतल्या काशिनाचं यंत्र, ज्याच्यासाठी तिने चार वर्षं हाडाची काडं केली, ते ढिम्म. ऑनलाइन बैठकीत पलीकडून कोणीतरी अगदी गोड आवाजात विचारलं, तुमचं यंत्र चालू होतं ना? त्या गोडपणानेच तिचं डोकं फिरलं.

दोष कोणाचा ते तिला ठाऊक होतं. यंत्राच्या तीन किलोमीटर लांब बोगद्याला लागून ओत्तोरिनोचं शेत. त्याचा ट्रॅक्टर सुरू झाला की यंत्रातले आरसे थरथरायचे आणि लहर त्यात बुडून जायची. हा आठवडा नांगरू नका, म्हणून तिने म्हाताऱ्याच्या किती विनवण्या केल्या होत्या. पण गव्हाची पेरणी तोंडावर, आणि तिथली चिकण माती एकदा भिजली की पंधरा दिवस पाय ठेवू देत नाही. तो कशाला ऐकतोय?

ती बांधावर पोचली तेव्हा ट्रॅक्टर ताडपत्रीखाली उभा होता. ताडपत्रीवर आठवड्याचा पाचोळा साचला होता. शेत तसंच पडलेलं, आणि ओत्तोरिनो उपड्या बादलीवर बसून पाव-चीज खात आभाळाकडे बघत होता.

"काय पोरी, ऐकलं का काही तुमच्या यंत्राने?"

"नाही."

"म्हणजे माझा आठवडा फुकट."

तेवढ्यात ग्वाल्तिएरोचा फोन आला. जमीन सकाळभर शांत होती, यंत्र ठणठणीत होतं. अशा प्रत्येक यंत्राच्या काही दिशा बहिऱ्या असतात. लहर नेमकी तिकडूनच आली असणार. त्यामुळे शोधायला आता आकाशाचा एवढासा तुकडा उरला होता, आणि चिलीतल्या दुर्बिणी आज तिकडेच वळणार होत्या.

तिने फोन खिशात टाकला.

"तुमचा ट्रॅक्टर चालू असता ना, तर आमच्या न ऐकण्यावर कोणी विश्वास ठेवला नसता."

ओत्तोरिनोने घास चावत यावर विचार केला.

"मग एवढी तणतणत कशाला आलीस?"

तिचे कान शरमेने तापले. "हेच सांगायला," ती म्हणाली.

त्याने तिच्याकडे नीट पाहिलं, पाव मोडून अर्धा तिच्या हातात दिला आणि तोंड पुसत उठला.

"आता नांगरू?"

ती हो म्हणाली, तोवर ताडपत्रीवर पावसाची टपटप सुरू झाली होती.