झुंबरबाईची हजेरी

कागदावर पाहिलं तर झुंबरबाईसारखी वणवा विझवणारी बाई अख्ख्या तालुक्यात सापडली नसती. सात वर्षं झाली, उन्हाळा लागला की वनखात्याच्या हजेरीपत्रकावर तिचं नाव चढायचं, आणि तेही ज्या दिवशी डोंगर पेटेल नेमक्या त्याच दिवशी. प्रत्यक्षात ही बाई डोंगरावर एकदाही चढली नव्हती. तिचे गुडघे दुखायचे.

चढायचा तो तिचा नवरा पुंजाराम. तिसगावच्या मागच्या डोंगरावर तो खात्याचा हंगामी मजूर होता. फेब्रुवारी ते जून जाळरेषा काढायच्या, म्हणजे आग पुढे जाऊ नये म्हणून गवत खरवडून मोकळे पट्टे करायचे, आणि तरीही आग लागलीच तर निरगुडीच्या ओल्या फांद्यांनी ती झोडपून विझवायची. एका माणसाला दिवसाची एक हजेरी, सकाळी आठ ते पाच, जेवणाचा तास सोडून आठ तासांची. आगीला घड्याळ कुठलं कळायला? सकाळी लागलेला वणवा दुसऱ्या दिवशी पहाटेपर्यंत चालायचा, आणि पत्रकात जादा तासांना रकानाच नव्हता. मग कुठल्याशा जुन्या वनरक्षकाने तोड काढली होती: पाचनंतरचे तास मजुराच्या बायकोच्या नावावर घालायचे. सगळ्यांना माहीत होतं, कुणी बोलत नव्हतं.

तीन वर्षांपूर्वी सत्यशीला या बीटवर, म्हणजे खात्याने आखून दिलेल्या या हद्दीवर, वनरक्षक म्हणून आली तेव्हा पहिल्याच वणव्यात पुंजारामने तिला ही रीत सांगितली. ती आधी नाही म्हणाली. मग त्या माणसाला सतरा तास राबवून आठ तासांवर अंगठा घ्यायची तिलाच लाज वाटली, आणि तिने झुंबरबाईचं नाव लिहिलं. चौदाशे हेक्टर डोंगर, ती एकटी वनरक्षक. मजूर चार हवेत, मंजूर दोन, त्यातला अंगद उचल घेऊन कोपरगावकडे उसाला गेलेला. जादा माणूस मागितला तर तरतूद नाही, जादा तास मागितले तर नियम नाही. आई जेवू घालीना, बाप भीक मागू देईना.

गेल्या रविवारी सकाळी अकराला कुसळी गवत पेटलं. कुणी बांध जाळताना पेटलं की कुणी मुद्दाम पेटवलं, ते आता कोण शोधणार. सत्यशीला आणि पुंजाराम दिवसभर आग झोडपत होती. रोज सहाच्या आत हजेरीपत्रकाचा फोटो वनपाल साहेबांच्या मोबाईलवर गेला पाहिजे, हा नवा हुकूम. म्हणून सत्यशीलाने दगडावर बसून पत्रक भरलं: पुंजाराम, आठ तास, पाचला सुटी. त्याखाली झुंबरबाई, रात्रपाळी. काजळीच्या बोटांनी फोटो काढून पाठवला आणि पुन्हा फांदी उचलली. रात्री नऊच्या सुमाराला वरून सुटलेला दगड पुंजारामच्या पायावर आला. नडगीचे दोन तुकडे झाले.

आता तो नगरच्या एका दवाखान्यात पडून होता. पायात रॉड टाकायचा होता. कामावर जखमी झालेल्या मजुराचा खर्च खातं देतं. अट एवढीच की तो कामावर हवा. आणि कागदावर पुंजाराम पाचलाच सुटला होता. कागदाप्रमाणे पाय मोडायला हवा होता तो झुंबरबाईचा.

वनपाल रविराज साहेब वाईट माणूस नव्हता. त्याच्याकडेच अनेक बीटांच्या दोन राऊंडचा भार होता आणि डोळ्यांखाली कायमची काळी वर्तुळं. त्याने सत्यशीलाला बसवून घेतलं, चहा मागवला आणि सरळ सांगितलं. दुपारी चारला पडला म्हणावं, तर केसपेपरवर रात्रीचे नऊ आहेत. घरी पडला असं लिहिलंत तर प्रकरण मिटलं, आपण सगळे मिळून थोडीफार वर्गणी काढू. खरं लिहिलंत तर चौकशी लागेल, तीन वर्षांची पत्रकं निघतील, प्रत्येकावर तुमची सही आहे. खोटी हजेरी म्हणजे निलंबन, कदाचित नोकरीच. अहवाल शुक्रवारपर्यंत हवा. तो बोलत होता आणि ती चहावर धरलेल्या सायीकडे बघत होती. तिला राग यायला हवा होता, पण रागालाही अंगात थोडा जीव लागतो.

संध्याकाळी ती दवाखान्यात गेली. मनाशी ठरवून गेली होती, की पुंजाराम रडला, भांडला, तर खरं लिहायचं. तो भांडलाच नाही.

"घरी पडलो म्हनून लिवा, मॅडम," तो म्हणाला. "तुमी गेल्या तर त्या डोंगरावर दुसरं कोन येनार हाय?"

तिला त्याचा भयंकर राग आला. माणसाने इतकं समजूतदार असू नये. झुंबरबाई कोपऱ्यात स्टुलावर बसून ऐकत होती.

धरलं तर चावतंय, सोडलं तर पळतंय, अशा अवस्थेत गुरुवार उजाडला. सत्यशीला सकाळी आठला डोंगराच्या पायथ्याशी पोचली, तर वर जाणाऱ्या पांदीच्या तोंडाशी झुंबरबाई उभी. नवऱ्याचे बूट घातलेले, पदर खोचलेला, हातात त्याचंच खोरं. दवाखान्यात कोण, असं विचारलं तर म्हणाली, लेक आलीय. मावशी, तुम्ही कशाला आलात, असं विचारल्यावर तिने सरळ उत्तर दिलं.

"सात वरीस माज्या नावाचा पैका खाल्ला, मॅडम. एकदा तरी काम करावं म्हनलं."

सत्यशीलाने तिला घरी जायला सांगून पाहिलं, रागावून पाहिलं. बाई ऐकेना. शेवटी दोघी चढल्या. झुंबरबाई दर वीस पावलांवर गुडघ्याला हात लावून थांबायची आणि पुन्हा चालायची. जाळरेषा मात्र तिने अशी साफ खरवडली की पुंजारामलाही जमली नसती. दुपारी तिने भाकरी सोडली आणि अर्धी सत्यशीलाच्या हातावर ठेवली. डोंगर केवढा मोठा हाय, एवढंच म्हणाली. नवरा इथं एकटा काय करत असेल हे तिला आज कळत होतं, आणि सत्यशीलाला तिच्याकडे बघवत नव्हतं.

पाच वाजले. सत्यशीलाने हजेरीपत्रक काढलं. आज पहिल्यांदा त्या नावापुढे खरी हजेरी पडणार होती. मावशी, तुमचे आठ तास भरले, आता उतरा, असं ती म्हणाली खरी, पण झुंबरबाईचं तिकडे लक्ष नव्हतं. ती पलीकडच्या खिंडीकडे बघत होती. तिथून धूर निघत होता, पांढरा, जाड.

मग झुंबरबाईने खोरं खांद्यावर घेतलं. दोन पावलं गेली आणि मागे वळली. तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. माहीत नाही म्हणून विचारावं तसं तिने विचारलं.

"पाचाच्या म्होरलं आता कुनाच्या नावावर लिवनार, मॅडम? माजा मानूस तर दवाखान्यात हाय."

सत्यशीला रविवारच्याच दगडावर बसली. झुंबरबाईच्या नावापुढे तिने लिहिलं: सकाळी आठपासून. सुटण्याचा रकाना कोरा ठेवला. मग पिशवीतून अहवालाचा कागद काढला. चार दिवस तो तसाच कोरा फिरत होता. पुंजाराम, रविवारी सकाळी आठ ते रात्री नऊ, तेरा तास सलग कामावर. नऊ वाजता वणवा विझवताना पायावर दगड पडला. पाचनंतरची हजेरी त्याच्या पत्नीच्या नावे मी लिहिली. तीन वर्षं मीच लिहीत आले, कारण जादा तास लिहायला दुसरी जागा नाही. खाली सही केली, तारीख घातली.

पुढच्या महिन्याचं काय, हे तिला माहीत नव्हतं, आणि खरं सांगायचं तर भीती वाटत होती. तिने दोन्ही कागदांचे फोटो काढून साहेबांना पाठवले. दोन मिनिटांत मोबाईल वाजायला लागला. तिने तो पिशवीत टाकला आणि निरगुडीची एक फांदी तोडली.

झुंबरबाई तोवर बरीच पुढे गेली होती, दर वीस पावलांवर थांबत.