पाटा लालबागला राहिला

मी एक जुना वरवंटा आहे.

मित्रांनो, एवढं वाचूनच तुम्ही विचाराल, पाटा कुठे? सगळे तेच विचारतात. माझ्याकडे पाटा नाही, म्हणून माझी गोष्ट अर्धी आहे. ती सरळही चालणार नाही. मला फक्त पुढे आणि मागे जाता येतं. आयुष्यभर तेच केलं, तेव्हा सांगतोही तसंच.

मागे.

आम्ही दोघं एकाच काळ्या दगडातले. परळच्या नाक्यावर एका पाथरवटाने तो फोडला. मोठा तुकडा पाटा झाला, लहान तुकडा मी. सखुबाईने पाटा डोक्यावर घेतला, मला कडेवर घेतलं आणि लालबागच्या चाळीतले तीन जिने ती न थांबता चढली.

सखुबाईची खाणावळ होती. मिलमधले पंचवीस-तीस गडी तिच्याकडे जेवायचे. पहाटेपासून आमच्यावर वाटण चालायचं. ओलं खोबरं, धणे, लाल मिरची आणि बांगड्यासाठी तिरफळं. गडी म्हणायचे, "मावशी, तुझ्या वाटणाचा वास मिलच्या गेटापर्यंत येतो गो." ती माझ्याकडे बोट दाखवायची. मला फार अभिमान वाटे. आम्ही गुळगुळीत झालो की टाकीवाली बाई यायची, छिन्नी-हातोडीने आमच्या अंगाला बारीक टाके घालायची आणि आम्ही पुन्हा खरखरीत, पुन्हा तरुण.

आमच्याकडे माझं आणखी एक काम असतं. बारशाच्या दिवशी पाळण्यात आधी वरवंटा निजतो, मग बाळ. मला न्हाऊ घालतात, कुंची घालतात, काजळ लावतात. दोन बायका पाळण्याच्या दोन बाजूंना उभ्या राहून मला खालून-वरून एकमेकींच्या हाती देतात. बाळावर येणारं काही असेल ते दगडावर यावं आणि बाळ दगडासारखं टणक व्हावं, एवढाच हेतू. चाळीतल्या कितीतरी पोरांच्या आधी मी निजलो आहे. त्यातला एक जयवंत, सखुबाईचा मुलगा. पुढे तो मिलमध्ये सांचे, म्हणजे कापडाचे माग, चालवायला लागला. कांता त्याची बायको.

मग संप झाला.

मिलचा भोंगा वाजायचा थांबला. मित्रांनो, मी दगड असूनही त्या पहिल्या सकाळी दचकलो. गडी गावी गेले, खाणावळ बसली. आमच्यावर नुसती मीठ-मिरची वाटली जायची, पुढे तीही क्वचित. घरातली भांडी एकेक करून गेली. आम्हाला कोणी नेलं नाही. दगड कोण घेणार?

त्याच दिवसांत कांताला पहिली मुलगी झाली. बाराव्या दिवशी उसना पाळणा आणून बांधला. मला कुंची घालून लाकडी पाटावर ठेवलं. बायका जमल्या. इतक्यात खाली रस्त्यावर मोर्चा फुटला. पळापळ, लाठ्या, आणि खिडकीतून डोळ्यांना झोंबणारा धूर आत आला. कांताच्या हातात बाळ होतं. खिडकी लावायला तिला हात मोकळा हवा होता. तिने बाळ पाळण्यात ठेवलं.

मी पाटावरच होतो.

"अगो, आधी वरवंटो!" सखुबाई ओरडली.

कांता जागच्या जागी थिजली. बारसं तसंच राहिलं. चार दिवसांनी करू म्हणाले. त्या चार दिवसांत बाळाला ताप आला आणि बाळ गेलं. नाव ठेवायचं राहून गेलं.

घरात कोणी कांताला काही बोललं नाही. तेच वाईट झालं. बोलले असते तर तिला उत्तर तरी देता आलं असतं. मी तिला सांगू शकलो असतो, की पोरी, अंगावर दूध नव्हतं, औषध मिळालं नाही, तापाला वरवंटा काय करणार? पण मला तोंड नाही. ती रोज आधी माझ्याकडे बघायची आणि मगच मला उचलायची.

पुढे.

मिल उघडली ती दुसऱ्यांसाठी. जयवंतला आत घेतलं नाही. काही वर्षं त्याने मिळेल ते केलं. मग कोणीतरी बातमी आणली, मॉरिशस नावाच्या बेटावर कापडाचे नवे कारखाने निघालेत, सांचे बसवून देणारा माणूस हवा आहे. राहायला घर देतात, बायकोला घेऊन या म्हणतात.

"जा रे," त्याचा जोडीदार सीताराम म्हणाला. "आपल्यातल्या एकाच्या तरी कानावर सांच्याचा आवाज पडू दे. नायतर आम्ही हायतच, नाक्यावर पत्ते कुटत."

कांताला तेव्हा पुन्हा दिवस गेले होते. निघायच्या दिवशी सखुबाईने मला पाट्यावरून उचललं आणि कांताच्या ओटीत ठेवलं.

"वरवंटो घेऊन जा. पाटो जड, तो हंय रवांदे. बारशाक माका येवक गावाचा नाय, तर ह्यो येतलो. आधी ह्यो, मगे पोर. इसरा नको."

शेजारच्या शांताने कपाळाला हात लावला. "सखू, जोडी मोडतंस गो? पाट्या-वरवंट्याची जोडी कोण मोडता?"

"माझो पोटचो झील चललो," सखुबाई म्हणाली, "आणि तू वरवंट्याचा काय घेऊन बसलंस?"

मला पाट्याकडे वळून बघताही आलं नाही. ज्याच्या अंगावर जन्म काढला, तो अंगाखालून गेला. मित्रांनो, याला काय म्हणतात ते मला माहीत नाही. सुन्न, असं माणसं म्हणतात.

विमानतळावर कांताने मला कुंचीत गुंडाळून छातीशी धरलं होतं. ट्रंकेत ठेवायला तिचा जीव होईना.

"बच्चे का पासपोर्ट?" खिडकीतल्या साहेबाने विचारलं.

"बच्चा नाय, साहेब," जयवंत म्हणाला.

"मुंह दिखाओ."

कांताने कुंची मागे सारली. साहेबाने माझं काळं डोकं पाहिलं आणि खुर्चीसकट मागे सरकला. "पत्थर? तुम लोग पत्थर लेके फॉरेन जाता है? उधर पत्थर नहीं मिलता?"

"ऐसा नाय मिलता, साहेब. ये घर का है."

त्याने मला दोनदा वाजवून पाहिलं, आत काही लपवलंय का ते बघायला. मग हात झटकला. "जाओ. ले जाओ अपना बच्चा."

मागच्या रांगेतली माणसं हसली. कांता हसली नाही.

बेटावर उतरलो आणि पहिला धक्का मलाच बसला. उसाच्या हिरव्या शेतांत जागोजागी काळ्या दगडांचे ढीग. माझ्याच रंगाचे, माझ्याच जातीचे. अख्खं बेट माझ्या भावकीचं! जयवंत पोट धरून हसला. "कांता, तो साहेब बरोबर बोलत होता गो. आपण डोंगरावर दगड घेऊन आलो."

दुसरा धक्का समुद्राचा. तिथे समुद्र निळा आणि गप्प. लाट दूर कुठेतरी फुटते, किनाऱ्याला नुसतं पाणी टेकतं. सुकत घातलेल्या मासळीचा वास नाही. कांता म्हणाली, "ह्यो समुद्र आजारी आहे की काय?"

तिसरा धक्का घरमालकीणबाईंचा. दमयंतीबाई काळ्यासावळ्या, फ्रॉक घातलेल्या, शेजारणीशी भलत्याच भाषेत भांडत होत्या. कांता घाबरून दारामागे उभी राहिली. बाई वळल्या आणि म्हणाल्या, "ये, मुली. आमी बी मराठीच. माजा पणजा रत्नागिरीचा. उसाच्या कामाला आला, मग परत गेलाच नाय." कांताच्या हातातली पिशवी खाली पडली.

बाईंच्या परसात आंब्याखाली मोठा दगडी पाटा होता. त्यांचा वरवंटा मधोमध चिरला होता. मला पाहून त्यांनी हात पुढे केले. "ह्याचा पाटा कुठे?" कांताने सांगितलं. बाई म्हणाल्या, "बारशाला अवकाश हाय. तोवर रिकामा का ठेवते? माझ्या दगडावर दे."

तो पाटा रुंद आणि उताराचा. माझं अंग त्याच्यावर बसेना. मी घसरायचो, करकरायचो. लालबागच्या पाट्यावर मी डोळे मिटून चालायचो. इथे प्रत्येक फेऱ्याला ठेच.

बाळ वेळेच्या आधी झालं.

मी तेव्हा आंब्याखाली होतो, अंगभर लसूण-मिरची. जयवंत सायकल टाकून धावत आला, मला तसंच उचललं, टोपलीत घातलं आणि जीव खाऊन पायडल मारू लागला. मला काही कळेना. दवाखान्यात पोचल्यावर कळलं.

मुलगी फार लहान होती. तिला ऊब देणाऱ्या काचेच्या पेटीत ठेवायचं होतं, तेही लगेच. आणि कांता तिला सोडत नव्हती. बाळ छातीशी आवळून ती खाटेच्या कोपऱ्यात सरकली होती.

"आधी वरवंटा," ती म्हणत होती. "आधी वरवंटा. मी ह्या वेळी नाही ठेवणार. नाही ठेवणार!"

नर्सला तिची भाषा समजत नव्हती. ती बाळाच्या निळ्या पडत चाललेल्या ओठांकडे बोट दाखवून ओरडत होती. दमयंतीबाई दोघींच्या मध्ये उभ्या होत्या, एकीचं बोलणं दुसरीला सांगत, आणि दोघींपैकी एकही ऐकत नव्हती.

मित्रांनो, मी आयुष्यात एकदाच ओरडलो, तो तेव्हा. ठेव गं, पोरी! ठेव तिला! मी कोणाला वाचवलेलं नाही. ती पहिली माझ्यामुळे गेली नाही आणि ही माझ्यामुळे जगायची नाही. मी मिरची वाटणारा दगड आहे. माझी वाट बघू नकोस!

कोणाला ऐकू आलं नाही. दगडाचं ओरडणं कसं ऐकू येणार?

जयवंतने मला नळाखाली धरलं. साबण लावला, घासलं, पुन्हा साबण लावला. साबणाने मी इतका निसरडा झालो की दोनदा मोरीत पडलो. माझा एक कोपरा तेव्हा उडाला. तो अजून तसाच आहे.

नर्सने मला पाहिलं. पेटीत दगड? ती वाटेत आडवी उभी राहिली. दमयंतीबाईंनी तिच्या दंडाला धरून तिला बाजूला ओढलं आणि तिच्या भाषेत काहीतरी कडक बोलल्या. नंतर त्यांनी कांताला त्याचा अर्थ सांगितला. "मी बोलले, दगडाला आत एका श्वासाचा वेळ पुरतो. भांडत बसलो तर पोरीचा श्वास पुरणार नाय. तू ठरव."

नर्सने माझ्यावरून उकळतं पाणी ओतलं, मला कोरं केलं आणि स्वतःच्या हातांनी पेटीत ठेवलं. काचेच्या आत सगळं गरम होतं आणि कसलाच वास नव्हता. मी कांताकडे पाहिलं. तिने डोळे मिटले, हात सैल सोडले. मला बाहेर काढलं आणि मुलगी आत गेली.

ती जगली. पेटीने जगवली, त्या नर्सने जगवली. पण कांताने हात सोडले ते माझ्याकडे बघून, हे मला नाकारता येत नाही. दगडाने काही केलं नाही आणि दगडाशिवाय काही झालंही नसतं. या कोड्यावर मी अजून पुढे-मागे होतो आहे.

मागे. थोडंसंच.

बारसं दमयंतीबाईंच्या ओसरीवर झालं. पाळणा नव्हता, बाईंनी जुन्या साडीची झोळी बांधली. एका बाजूला कांता, दुसऱ्या बाजूला बाई. मी कुंचीत. बाई मला देण्यासाठी झोळीखालून वाकल्या, कांताने मला घेतलं आणि ती थांबली. बाळाच्या कानात नाव सांगायच्या आधी तिने तोंड माझ्या त्या उडालेल्या कोपऱ्याजवळ आणलं.

आणि तिने मला एक नाव सांगितलं.

ते या मुलीचं नाव नव्हतं. तिचं नाव रेश्मा ठेवलं, ते सगळ्यांना ठाऊक आहे. हे दुसरं होतं. संपाच्या वर्षी लालबागला ठेवायचं राहून गेलेलं.

आजवर कितीतरी बारशांत मी मुलांच्या आधी निजलो होतो. माझ्या कानात कोणी कधी काही सांगितलं नव्हतं. मी हादरलो. मग कांताने मला वरून दमयंतीबाईंच्या हाती दिलं आणि बारसं पुढे चाललं.

पुढे.

सखुबाई गेली तेव्हा जयवंत एकटा लालबागला जाऊन आला. कांताने दारातच विचारलं, "पाटा?"

"शांताकाकीकडे आहे. रोज वाटण होतं. तिने नवा वरवंटा केलाय त्याला."

नवा वरवंटा! मित्रांनो, तो दिवस मी विसरणार नाही. माझ्या पाट्यावर दुसरा! कांता आधी खूप हसली, मग पदर डोळ्यांना लावून बसली. रात्रभर मी आंब्याखाली धुमसलो. सकाळी बाईंनी माझ्याखाली ओलं खोबरं घातलं आणि माझ्या लक्षात आलं, की मी करकरत नाही. त्या उताराच्या दगडावर मी सरळ चाललो होतो. कधीपासून, ते मला सांगता येणार नाही. लालबागचा पाटा पालथा घालून त्याची पायरी केली असती, तर मी तडकलो असतो. तो कामात आहे. मग कोणाच्या का हाताखाली असेना.

आता मी रेश्माच्या घरी आहे. तिने मला स्वच्छ पुसून, तेल लावून, दिवाणखान्यातल्या काचेच्या कपाटात ठेवलं आहे. पाहुण्यांना ती सांगते, "हा माझ्या आजीचा, मुंबईचा." पाहुणे वाकून बघतात. मला टाके घालणारी बाई या बेटावर नाही. मी आरशासारखा गुळगुळीत झालो आहे.

मला बाहेर काढा, मित्रांनो. तुमच्याही घरात कुठे एखादा जुना दगड असेल, तर त्याला खोबरं द्या, मिरची द्या. कपाटात दगड लवकर मरतो. पण माझी खरी विनंती ती नाही.

रेश्माला आपल्याला एक बहीण होती हे माहीत नाही. कांताने ते कधी सांगितलं नाही. काचेसमोरून जाताना ती थांबते, माझ्या उडालेल्या कोपऱ्यावर नजर ठेवते आणि पुढे जाते. रेश्मा हे रोज पाहते. विचारत नाही.

विचार, मुली. तुम्हीही आपापल्या आयांना विचारा, की घरात कोणाचं नाव घ्यायचं राहिलं आहे. कांता आता फार थकली आहे. तिच्यामागे ते नाव फक्त मला ठाऊक असेल.

आणि मी दगड आहे.