आधी शेळ्या उतरवा

मित्रांनो, मी एक जुने बेट आहे. दचकू नका, समुद्रातले नव्हे. शाळेच्या भूगोलाच्या खोलीत, खिडकीखालच्या टेबलावरचे. खुराड्याची जाळी, रद्दीचा लगदा आणि वर प्लॅस्टर, असा माझा पिंड. मधोमध डोंगर आहे आणि तो ज्वालामुखी आहे. आता तुमचे डोळे चमकले ना? हेच माझे दुखणे.

मला भूगोलाच्या बाईंनी आणि त्यांच्या वर्गाने घडवले. बाईंचा हट्ट होता, आधी माणसे, मग डोंगर. "ज्वालामुखी कुणालाही दिसतो. त्याच्या अंगाखांद्यावर राहतं कोण, ते सांगा," त्या म्हणायच्या. म्हणून माझ्या पायथ्याशी काड्यापेट्यांचे गाव वसले आणि प्रत्येक घरात मातीची माणसे आली. छपरे चांगली उतरती केली, कारण राखेचा भार साचला की सपाट छप्पर मालकाच्या डोक्यावर येते. डोंगरउतारावर खळगे खणून त्यांत वेली लावल्या. प्रत्येक खळग्याभोवती काळ्या दगडांची अर्धगोल भिंत घातली, वारा अडवायला. खळग्यात राख घातली, कारण ती रात्रीचे दव धरून ठेवते.

"एवढं भय आहे तर माणसं तिथे राहतात कशाला?" एकाने विचारले होते.

"जुन्या राखेची माती होते. तिच्यात काय काय पिकतं ते बघ, म्हणजे तूही जागा शोधशील," बाई म्हणाल्या.

वर्गाची एक रीतच होती. वर्ष सुरू झाले की प्रत्येकाने बेटावर एक घर आणि एक धंदा घ्यायचा आणि वर्षभर त्याची जबाबदारी वाहायची. बाई मध्येच विचारत, "होडीवाले, राख पडायला लागली. काय कराल?"

"नाकाला ओलं फडकं बांधीन, छप्पर झाडीन."

"आणि होडी?"

"ती बायकोच्या ताब्यात, बाई. मला कोण विचारतंय!"

एका मुलीने घर नकोच म्हटले. तिने माझ्या माथ्याजवळ चरणाऱ्या शेळ्या मागून घेतल्या.

मग नवे हेडसर आले. त्यांना प्रात्यक्षिकाची भारी हौस. त्यांनी माझ्या डोक्याला भोक पाडून बाटली बसवली. बाटलीत सोडा, वरून व्हिनेगर आणि लाल रंग. फस्स! टाळ्या! कोणी पाहुणा आला की फस्स. पाहुणा नसला तर सराव म्हणून फस्स. पुढे माझे हिरवे उतारही लाल रंगवले. समुद्र तेवढा वाचला, कारण रंग संपला. व्हिनेगरने माझे प्लॅस्टर पोखरले, वेली उखडल्या, अंगाला आंबूस वास येऊ लागला. जो तो म्हणे, "वा, काय ज्वालामुखी!" बेट म्हणायला कोणाची जीभ वळेना. मित्रांनो, माणूस अधूनमधून शिंकतो म्हणून त्याचे नाव कोणी 'शिंक' ठेवते का?

यंदा बाईंनी माझी डागडुजी केली, नव्या वर्गाला घरे, होड्या, वेली, शेळ्या वाटल्या आणि हेडसरांना स्पष्ट सांगितले, "सर, हे बेट आहे. कारंजं नाही."

"बाई, तुमचे ते खळगे कोण बघतंय? लोकांना धमाका लागतो. प्रदर्शनात दणक्यात फुटू दे, नाहीतर टेबल मोकळं करा. अडगळीची खोली आहेच."

"मुलांना विचारते."

"मुलांना? ते कशाला?"

"गाव त्यांचं आहे, सर."

प्रदर्शनाच्या दिवशी खोली गच्च भरली. प्रमुख पाहुणे पुढे बसले. हेडसरांनी व्हिनेगरचा पेला उचलला, घसा खाकरला आणि तो कलता करणार, तोच शेळीवाली ओरडली, "सर, थांबा! आधी शेळ्या उतरवा!"

"अगं, मातीच्या आहेत त्या."

"असू देत. वर्षभर सांभाळल्यात मी."

ती सरळ पुढे आली आणि एकेक शेळी ओंजळीत घेऊ लागली. होडीवाला उठला, "मी होड्या लावतो." मग अख्खा वर्ग टेबलाशी आला. काड्यापेट्या उघडल्या, माणसे बाहेर निघाली. कोणी बाईंकडे पाहिलेसुद्धा नाही.

वेलींचा मालक मात्र अडून बसला. "मी नाही येत. माझी आजी म्हणते, डोंगर नुसता खोकतोय."

"अरे, धूर बघ की! आजीला उचला रे आधी!"

"माझं कपाट?"

"होडी माणसांची आहे. कपाटाला पोहायला शिकव."

पेला धरून हेडसरांचा हात भरून आला. पाहुणे आधी घड्याळ बघत होते. आता खुर्ची सोडून होड्या मोजत होते. शेवटी शेळीवाली म्हणाली, "झालं. आता फोडा, सर."

फस्स झाले. टाळी एकही पडली नाही. लाल फेस खळग्यांतून उतरला आणि मोकळ्या गावात शिरला. वेलींच्या मालकाचा चेहरा बघवेना.

पाहुण्यांनी हळूच विचारले, "आता परत जाणार का रे?"

"जाणार," तो म्हणाला. "वेली गेल्या. जमीन तिथेच आहे ना."

"आधी गवत उगवू दे," शेळीवालीने फटकारले. "शेळ्या काय राख खाणार?"

त्यावर अशी जुंपली की पुढच्या दालनाचे बोलावणे कोणाला ऐकूच आले नाही. पाहुणे हेडसरांकडे वळले. "तुमचं घर कोणतं यातलं?"

हेडसर घरांकडे बघू लागले. हातात रिकामा पेला.

"धक्क्याजवळचं एक रिकामं आहे, सर," होडीवाला म्हणाला. "पण छप्पर तुम्हालाच झाडावं लागेल."

टेबल मोकळे झाले नाही. मी अजून खिडकीखालीच आहे आणि माझा रागही अजून पुरता निवलेला नाही. मित्रांनो, माझ्यासारखे एखादे बेट भेटले, तर आल्या आल्या "फुटतो कधी?" असे विचारू नका. तिथे कोण राहते ते विचारा. आणि हात लावण्याआधी वाकून बघा, घरात कोणी असेल.