हातमहाराज आणि न फुटणारं अंडं

हातमहाराजांच्या जिन्याखाली बाबागाड्यांची अशी दाटी झाली होती, की आपली गाडी कोणती हे शोधायला माणसाला वाकून वाकून बघावं लागे. वर, दुकानावरच्या लांबट खोलीत, अंगावर पिणारी तान्ही मुलं, त्यांच्या आया, आज्या आणि भिंतीला टेकलेले काही अवघडलेले बाप असा सगळा गोतावळा बसला होता. कुणाच्या बाळाला पुरळ, कुणाचं पोट दुखतंय. प्रश्न सगळ्यांचा एकच, बाळाला बाधतंय ते नेमकं काय? आणि महाराज ते सुई न टोचता, बाळाला बोटही न लावता सांगत होते.

रीत सोपी होती. बाळ आईच्या मांडीवर. आईच्या डाव्या मुठीत एखाद्या अन्नाची छोटी बाटली. उजवा हात बाजूला सरळ, खांद्याच्या रेषेत. महाराज डोळे मिटून त्या हातावर दोन बोटं ठेवत आणि दाबत. हात टिकला तर अन्न मित्र, हात खाली आला तर वैरी.

"अन्न बोलतं, दूध ऐकतं, हात सांगतो," महाराज म्हणत. "मी कोण? मी नुसता दाबणारा."

यातलं शेवटचं वाक्य अगदी खरं होतं, पण तेव्हा ते कुणाच्या लक्षात आलं नाही.

त्या गर्दीत एका बेकरीच्या मालकीणबाई आपल्या सूनबाईला आणि नातीला घेऊन बसल्या होत्या. सासूबाई कणीक मळून मळून दंड कमावलेल्या, शब्दाच्या पक्क्या आणि महाराजांच्या भक्त. सूनबाई बेकरीत केकवर नक्षी काढायची. नातीचे गाल लाल आणि खरखरीत झाले होते, आणि लंगोटात कधीकधी रक्ताची बारीक रेघ दिसे. ती रेघ दिसली की सूनबाई लंगोट उजेडात नेऊन पुन्हा पुन्हा बघे.

महाराजांनी धडाधड हात पाडले. गहू वैरी. अंडं महावैरी. शेंगदाणा, बदाम, मासे, टोमॅटो, सगळे एका माळेचे मणी. शेवटी आईच्या वाट्याला उकडलेला बटाटा आणि दूध एवढंच उरलं.

"दूध मात्र भरपूर प्यायचं," महाराज म्हणाले. "गाईचं दूध आणि आईचं दूध सख्ख्या बहिणी. आणि वर्ष होईपर्यंत बाळाला वरचं काही द्यायचं नाही."

झालं. सूनबाई सकाळ-संध्याकाळ बटाटा खाऊ लागली आणि पेल्यामागून पेले दूध ढोसू लागली. समोर ताजा पाव, बदामी बिस्किटं, आणि ही आपली बटाटा सोलतेय. एकदा लग्नाच्या केकवर नाव काढताना तिला अशी भोवळ आली, की नवऱ्या मुलाच्या नावात एक मात्रा जास्तीची पडली. बाळही सहा महिन्यांचं झालेलं. कुणी घास उचलला, की ते आपलंच तोंड उघडे. गाल अजून लाल, लंगोटातली रेघ तशीच, आणि आता वजनही वाढेना.

मग एका दुपारी, पाव भट्टीत असताना, सूनबाईनं बाळाला उचललं आणि मुलांच्या डॉक्टरीणबाईंना गाठलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. हात दाबण्याचं ऐकताना त्यांनी हसू आवरत चष्मा काढून डोळे पुसले.

"तुम्ही रोज काय खाता?"

"बटाटा आणि दूध."

"आणि त्रास वाढत चाललाय." डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "मला संशय दुधाचाच येतोय. तुम्ही घेतलेल्या गाईच्या दुधाचा अंश अंगावरच्या दुधातून बाळापर्यंत जातो, आणि काही बाळांना तो सोसत नाही. पण संशय म्हणजे पुरावा नव्हे, तो आपण मिळवू. दूध, लोणी, क्रीम दोन-तीन आठवडे बंद. बाकी सगळं पोटभर खा. कॅल्शियमची गोळी मी देते. अंगावर पाजणं थांबवू नका."

बाकी सगळं पोटभर खा, हे ऐकून सूनबाईला रडूच आलं. मग डॉक्टरीणबाईंनी तिला हात आडवा धरायला लावला आणि दोनदा दाबून दाखवला. ती बेकरीपर्यंत एकटीच हसत आली.

रेघ गेली. गाल मऊ पडले. डॉक्टरीणबाईंच्या सांगण्यावरून तिनं पुन्हा दूध पिऊन बघितलं, तर गाल लाल आणि रेघ हजर. पुन्हा सोडलं, पुन्हा सगळं शांत. चोर सापडला होता. मग बाळाचं वरचं अन्न सुरू झालं. एका वेळी एकच नवा पदार्थ, चमच्याच्या टोकाएवढा, सकाळच्या वेळी, म्हणजे दिवसभर लक्ष ठेवता येतं. ओठ सुजले किंवा श्वास अडला तर थेट दवाखाना, हेही बजावलेलं. असं काही झालं नाही. बाळ आधी भोपळा गिळून बसलं, मग नीट उकडलेलं अंडं, आणि चमचाही सोडेना.

हे सगळं सूनबाईनं सासूबाईंच्या नकळत चालवलं होतं, त्यामुळे त्यांना वाटत होतं, ही सगळी महाराजांची कृपा. पण एका सकाळी त्यांना नातीच्या हनुवटीवर पिवळा बलक दिसला.

"अगं, महावैरी भरवलास तिला?" त्या किंचाळल्याच. "चल. आत्ताच्या आत्ता चल."

जाताना महाराजांना दाखवायला म्हणून त्यांनी बेकरीच्या फळीवरच्या ट्रेमधून एक अंडं उचलून रुमालात गुंडाळलं. चष्मा गल्ल्यावरच राहिला होता.

वर तीच गर्दी, तेच डोळे मिटणं. सासूबाईंनी गाऱ्हाणं घातलं. महाराजांनी अंडं सूनबाईच्या डाव्या मुठीत ठेवलं आणि तिच्या लक्षात आलं, की हे जडशीळ आहे. बोटांनी चाचपलं तर बूड सपाट. काचेतल्या शोभेच्या केकवर घरटं करायचं म्हणून तिनं स्वतः प्लॅस्टर ओतून, रंगवून वाळत ठेवलेलं हे अंडं. तिनं ओठ घट्ट मिटले, पण खांदे हलायला लागले.

महाराजांनी दाबलं. हात खाली आला.

"काय हे जहाल," महाराज म्हणाले. "मला कोंबडीच दिसतेय. रागीट कोंबडी. तिचा राग अंड्यात उतरलाय."

"महाराज," सूनबाई कशीबशी म्हणाली, "ती कोंबडी मीच."

आणि तिनं अंडं टेबलावर आपटलं. टण्ण. ते फुटलं नाही, नुसतं लोळत महाराजांच्या पुढ्यात जाऊन थांबलं. मागून एक बाप फिसकन हसला.

"आकारसुद्धा बाधतो," महाराज घाईनं म्हणाले.

सासूबाईंनी अंडं उचललं, डोळ्यांजवळ नेलं, नखानं रंग खरवडला. मग महाराजांच्या बाटल्यांतली एक उचलून रुमालात बांधली आणि सूनबाईच्या मुठीत दिली. "यातलं अन्न मित्र की वैरी, ते न बघता सांगा."

सगळी खोली बघत होती, म्हणून महाराजांनी पुन्हा डोळे मिटले. त्यांनी दाबलं. वैरी. सासूबाईंनी पाठ वळवून तीच बाटली पुन्हा बांधली आणि परत सूनबाईच्या मुठीत दिली. मित्र.

"दोन्ही वेळा गहूच होता," सासूबाई म्हणाल्या.

आता सूनबाई उठली. "आई, माझा हात दाबा. कोपराजवळ." सासूबाईंनी दाबला. हात टिकला. "आता तेवढ्याच जोरानं मनगटाजवळ." हात खाली आला. "एवढंच आहे. टोकाला दाबलं की हात पडतो, खांद्याकडे दाबलं की टिकतो. मुठीत काहीही असो. मनात भीती असली की आपणही सैल सोडतो."

सासूबाई महाराजांकडे वळल्या. "करा हात आडवा." महाराजांनी केला. कणकेची सवय असलेलं बोट मनगटावर पडलं आणि हात मांडीवर आला.

"मुठीत काय आहे?"

"काही नाही," महाराज पुटपुटले.

"म्हणजे तुम्हाला हवा बाधते."

मग जे हसणं सुटलं, त्यात सगळी तान्ही एकदम रडायला लागली, आणि त्या कालव्यात महाराज मागच्या दारानं कधी गेले ते कुणालाच कळलं नाही.

जिना उतरताना सासूबाई म्हणाल्या, "मी पोरीला उपाशी ठेवलं गं. तुलाही." सूनबाईनं बाळ त्यांच्या हातात दिलं. बाळानं आजीच्या पदराचं टोक चावायला घेतलं.

ते अंडं आता बेकरीच्या गल्ल्यावर असतं. कुणी आई विचारू लागली, की अमुक एका माणसाकडे बाळाला काय बाधतं ते कळतं म्हणे, की सासूबाई ते तिच्या मुठीत देतात, तिचा हात दोनदा दाबतात आणि सांगतात, "बाळाला काय बाधतं ते बाळाच्या अंगावर दिसतं, दुसऱ्याच्या बोटात नाही. संशय आला तर डॉक्टरांना विचार. एक गोष्ट सोड, मग परत घेऊन बघ, आणि डोळे उघडे ठेव. मी चष्मा विसरले होते म्हणून वाचले." मग त्या तिला बिस्किट देतात, आणि देण्याआधी त्यात काय काय आहे ते सांगतात.